आयरिश बाईंचं ‘मग?’

चष्मा वर सरकवून केसांत खोचायचा, हनुवटी मुठीवर टेकवायची आणि समोरच्याकडे बघत म्हणायचं, "मग?"

हा शब्द त्यांनी माझ्याकडून उचलला. दुपारी कामावर आलो की मी घरी फोन करायचो. माझी बायको रेहाना कुवेतच्या फरवानिया भागात नर्स आहे. सकाळची ड्यूटी संपवून ती घरी आलेली असायची आणि वॉर्डातलं सगळं सांगायची; मी मधेमधे नुसतं "मग? मग?" करत राहायचो. पलीकडच्या टेबलावरून बाईंनी एकदा विचारलं, "हे तू सारखं काय म्हणतोस?" मी अर्थ सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मला पत्रकारितेतलं जे काही लोकांनी वर्षानुवर्षं शिकवलं, ते तुम्ही एका शब्दात उरकता?"

दुसऱ्या दिवसापासून वार्ताहर बातमी घेऊन आला की "मग?" चहावाला कप ठेवून रेंगाळला तरी "मग?" हळूहळू ऑफिसातले केरळचे, गोव्याचे, इजिप्तचे सगळेच तो शब्द वापरू लागले. त्यातल्या निम्म्यांना तो आयरिश शब्द वाटायचा.

कुवेतमधल्या एका इंग्रजी दैनिकात मी पानं लावायचो. मी श्रीवर्धनकडचा. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग मुंबईत कमर्शियल आर्टचा कोर्स, मग इकडे. बाई मुख्य उपसंपादक. म्हणजे त्यांनी बातम्या कापायच्या आणि मी त्या पानात बसवायच्या. पन्नाशी उलटलेली, उंच, किंचित पोक आलेली, उन्हाने चेहरा कायम लाल. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. रेहाना आणि मी घरी बोलताना नुसतं ‘बाई’.

कुवेतमधलं त्यांचं अर्धं आयुष्य लोकांना दुरुस्त करण्यात गेलं. ऑफिसचा इजिप्शियन ड्रायव्हर त्यांना ‘इंग्लीझिया’ म्हणायचा, म्हणजे इंग्रजीण. त्या दर वेळी शांतपणे सांगायच्या, "इंग्लिश नाही. आयरिश." तो मान डोलवायचा आणि संध्याकाळी पुन्हा इंग्लीझिया. एकदा त्या वैतागून मला म्हणाल्या, "तुला कोणी दुसऱ्याच देशाचा म्हटलं तर चालेल का?" मी म्हटलं, "मॅडम, मला इथे सगळे नुसतं ‘हिंदी’ म्हणतात, भारतातला एवढंच. कोकणी म्हणून अजून कोणी विचारलेलं नाही." त्या मोठ्याने हसल्या. त्यानंतर कुणाशी माझी ओळख करून द्यायची झाली की ठासून सांगायच्या, "हा कोकणी. नीट लक्षात ठेवा."

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याचं पूर्वायुष्य तुकड्यातुकड्यांनी कळतं. बाईंचं तसंच होतं. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका लहान गावात त्यांच्या वडिलांचा पब होता, आणि त्याच इमारतीत मागच्या बाजूला शवपेट्यांचं दुकान. "पुढच्या दाराने गिऱ्हाईक यायचं, मागच्या दाराने जायचं," त्या सांगायच्या. शाळा संपल्या संपल्या गावच्या साप्ताहिकात लागल्या. गुरांच्या बाजाराचे भाव, शेतीची प्रदर्शनं, कोर्ट, सगळं लिहायच्या. मग दुसऱ्या जिल्ह्यातल्या रेडिओवर गेल्या. तिथे रोज निधनवार्ता वाचायच्या. आयर्लंडमध्ये ही खूप ऐकली जाणारी गोष्ट. कोण गेलं, कुठे राहायचं, पुरणार कधी. पुढे राजधानीतल्या एका सायंदैनिकात, ते बंद पडलं. मग एका डेअरीत जाहिरात खात्यात. "दोन वर्षं मी दह्याची स्तुती लिहिली. खोटं लिहिण्याची नोकरी होती, पण दही खरंच चांगलं होतं." आणि मग आखात.

त्यांच्या पहिल्या साप्ताहिकातल्या सोबत्यांची पांगापांग तर याहून गमतीची. एकजण पाद्री व्हायला गेला आणि परत येऊन क्रिकेटएवढ्याच गंभीरपणे घेतल्या जाणाऱ्या त्यांच्या कुठल्याशा खेळाच्या बातम्या लिहू लागला. एकजण मंत्र्याची भाषणं लिहिणारा झाला. एकीने बेकरी काढली. क्रीडा संपादक टॅक्सी चालवतो आणि उतारूंना अग्रलेख ऐकवतो. "आमच्याकडे पत्रकार म्हणजे काहीतरी दुसरं होण्याआधीचा माणूस," असं त्या म्हणायच्या.

पबवाल्याची मुलगी दारूबंदीच्या देशात कशी रमली, हे आम्हाला कोडं होतं. मी एकदा विचारलंही. त्या म्हणाल्या, "इथे संध्याकाळी माझ्याशी बोलणारा माणूस शुद्धीवर असतो. याची किंमत तुला कळायची नाही." तेव्हा मला ते नुसतं विनोदी वाटलं.

एका दुपारी सालमियाकडच्या बांधकामावरून एक कामगार पडून गेल्याची बातमी आली. अशा बातम्या आमच्याकडे दोन ओळींत जायच्या. एक आशियाई कामगार उंचावरून पडून मरण पावला, पोलिसांनी नोंद केली, संपलं. बाईंनी चष्मा केसांत खोचला आणि वार्ताहराला म्हणाल्या, "मग?"

तो म्हणाला, "मग काय मॅडम, एवढंच आहे."

"आशियाई हे नाव झालं का? त्याला घरी काय म्हणायचे?"

पोलिसांकडून नाव मिळेना. बाईंनी माझ्याकडे बघितलं. परदेशात मेलेल्या माणसाची कागदपत्रं करून मृतदेह मायदेशी पाठवण्याची खटपट करणारे लोक आपल्यात असतात. फरवानियात असे एक मल्याळी गृहस्थ मला माहीत होते. मी त्यांना फोन लावला. कामगाराचं नाव रामसजन होतं, गोरखपूरकडचा, टाइल्स बसवणारा मिस्त्री. गावात बायको, दोन मुलं, म्हातारे वडील.

बाईंनी हे सगळं लिहिलं आणि बातमी पानाच्या वरच्या बाजूला घेतली. संपादक लेबनीज होते, सभ्य माणूस, पण कटकट नको असलेला. पान बघून म्हणाले, "हे कुणाला वाचायचंय?"

"त्याच्या बायकोला."

"तिला इंग्रजी येतं का?"

"मुलांना येईल कधीतरी," बाई म्हणाल्या.

संपादकांनी बातमी खाली आणायला लावली, पण नाव राहू दिलं. दोनेक दिवसांनी ऑफिसच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. रामसजनचा मेहुणा. कुणीतरी त्याला मोबाइलवर पानाचा फोटो दाखवला होता आणि त्याला खरा कागद हवा होता, गावी न्यायला. मी अंक काढून दिला. त्याने आधी पँटला हात पुसले, मग अंक घेतला, आणि ज्या ओळीत नाव होतं तिच्यावर बोट ठेवून मला म्हणाला, "यही है ना?" मी हो म्हटलं. बाई आपल्या टेबलावरून बघत होत्या. त्या उठून आल्या, त्याच्याशी हात मिळवला आणि परत जाऊन बसल्या.

त्यानंतर आमच्या आतल्या पानावर एक लहानशी चौकट सुरू झाली. कुवेतमध्ये वारलेल्या परदेशी माणसांची नावं, गाव, काम. संपादक दर आठवड्याला ती काढून टाकू या म्हणायचे आणि दर आठवड्याला ती राहायची. फरवानियातले ते मल्याळी गृहस्थ मला आता नुसतं नाव सांगून थांबत नसत. "लिहा, गाणं चांगलं म्हणायचा," असंही सांगायचे. बाई ते छापायच्या.

बाईंच्या या हट्टामागे काय आहे, ते मला धुळीच्या वादळाच्या दिवशी कळलं. दुपारीच सगळं आकाश नारिंगी झालं, समोरची इमारत दिसेनाशी झाली. निम्मे लोक पोचलेच नाहीत. आम्ही दोघं खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबून बसलो होतो. रेहानाचा फोन येऊन गेला. ती आपल्या भावाशी कशावरून तरी भांडली होती आणि महिनाभर बोलत नव्हती. त्याच्याबद्दल मी बोलत होतो. बाई म्हणाल्या, "महिना? माझा भाऊ तीस वर्षांहून जास्त झाली, माझ्याशी बोललेला नाही."

आणि मग कधी नव्हे ते मी त्यांना म्हटलं, "मग?"

त्यांच्या गावात कोर्ट महिन्यातून एकदा भरायचं. दारू पिऊन गाडी चालवणारे, मारामाऱ्या करणारे, कर चुकवणारे, सगळ्यांची नावं त्या साप्ताहिकात लिहायच्या. लोक अंक छापायच्या आदल्या दिवशी घरी यायचे. आमच्या मुलाचं नाव तेवढं वगळा म्हणायचे. आई त्यांना चहा द्यायची आणि बाई नाही म्हणायच्या. एका हिवाळ्यात त्यांचा भाऊ पबमधून निघून गाडीत बसला आणि वळणावर सायकलवरून येणाऱ्या शेजारणीला त्याने उडवलं. तिचा पाय कायमचा अधू झाला. भाऊ शाळेची बस चालवायचा. या वेळी आदल्या दिवशी विनवायला आली ती त्यांची आई. घरातल्याच स्वयंपाकघरात, त्याच टेबलाशी.

"मी म्हटलं, आई, इतकी वर्षं मी सगळ्यांना नाही म्हणत आले, आता कुठल्या तोंडाने आपलं नाव वगळू? आणि छापलं. इतरांचं जेवढ्या अक्षरांत छापायची तेवढ्याच. त्याची नोकरी गेली. ती तशीही जाणार होती, पण त्याला वाटलं माझ्यामुळे गेली. आईला मी तोंड देऊ शकायची. भाऊ नुसता गप्प बसायचा. त्यानंतर मला नोकऱ्या मिळत गेल्या, आणि प्रत्येक नोकरी घरापासून आणखी थोडी लांब होती."

बाहेर वारा खिडकीवर वाळू फेकत होता. मी विचारलं, "तुमचं बरोबर होतं का, मॅडम?"

त्यांनी घसरलेला टॉवेल पुन्हा फटीत कोंबला. "बातमी बरोबर होती," म्हणाल्या.

गावातून त्यांना वर्षातून एकदा, नाताळात, एकच फोन यायचा. तो त्या पाय अधू झालेल्या शेजारणीचा.

पुढे आमच्या दैनिकाची छापील आवृत्ती बंद झाली. मला वेबसाइटसाठी ठेवून घेतलं, बाईंना नाही. इथे नोकरी गेली की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, जातो आणि इकामा गेला की देश सोडावा लागतो. आम्हाला वाटलं, आता बाई जाणार. पण एगैलामधल्या एका क्लासने त्यांना इंग्रजी शिकवायला घेतलं. कुवेतमधल्या आपल्या नर्सेस आयर्लंडला जाण्यासाठी भाषेची परीक्षा देतात, त्यांचा तो क्लास. रेहानाही तिथे जाऊ लागली.

रेहाना घरी येऊन बाईंच्या तासाच्या नकला करायची. बाई पेशंट होऊन खुर्चीत बसायच्या आणि मुलींनी विचारपूस करायची. पेशंट दर वेळी म्हणायचा, "आय ॲम ग्रँड." मुली खूश होऊन पुढे जायच्या. बाई तिथेच तास थांबवायच्या. "ग्रँड म्हणजे छान नव्हे. आमच्याकडे ग्रँड म्हणजे, मला काही विचारू नका. म्हातारा ग्रँड म्हणाला तर त्याचं ब्लडप्रेशर बघा. दोनदा ग्रँड म्हणाला तर डॉक्टरला बोलवा." सातारच्या, नागपूरच्या, कोट्टयमच्या मुली हे वहीत उतरवून घ्यायच्या. रेहाना पहिल्या खेपेलाच पास झाली. आमच्या मुलीने बाईंना मिठी मारून सांगितलं, "शी प्रॅक्टिस्ड ऑन अस. वी आर ऑल ग्रँड नाऊ."

मग बाईंना अवेळी, म्हणजे नाताळ नसताना, शेजारणीचा फोन आला. भावाला पक्षाघाताचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. लग्न केलेलं नव्हतं, आईवडील कधीच गेलेले. इस्पितळातून सोडल्यावर त्याला वृद्धाश्रमात ठेवायचं ठरत होतं. शेजारीण म्हणाली होती, मी तुला यायला सांगत नाही, फक्त कळवतेय.

त्या शुक्रवारी बाई आमच्याकडे फरवानियाला आल्या. रेहानाने माशाचं कालवण केलं होतं, बाईंना ते आवडायचं. पण त्या दिवशी ताटात नुसता भात चिवडत राहिल्या. "मी गेले तर तो तोंड फिरवेल," म्हणाल्या. "आणि आता तर त्याला मला हाकलताही येणार नाही. बोलता न येणाऱ्या माणसाच्या घरात घुसायचं, हे काही बरं नव्हे."

मी कालवण त्यांच्यापुढे सरकवलं. रेहाना मात्र नर्स. तिने ताट बाजूला सारलं. "मॅडम, अशा माणसाला कुणीतरी जेवण भरवावं लागतं. चुकीचं भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो. तो तोंड फिरवो नाहीतर काही करो, भरवणारं माणूस लागतंच. भांडण काय, नंतरही करता येईल."

बाईंनी चष्मा केसांत खोचला. म्हणाल्या, "कसं भरवतात?"

तिथून पुढचे काही शुक्रवार आमच्या घरात उलटा क्लास भरला. शिकवणारी रेहाना, विद्यार्थिनी बाई आणि पेशंट मी. मला दिवाणावर आडवं करून रेहाना सांगायची, कुशीवर कसं वळवायचं, बसतं कसं करायचं, खुर्ची नेहमी चांगल्या बाजूला का ठेवायची, लुळ्या हाताला धरून कधीच का ओढायचं नाही. बाई माझ्या बगलेखाली हात घालून मला उचलायच्या आणि आम्ही दोघं दिवाणावर कोसळायचो. "अहो, तुम्ही मदत करताय त्यांना," रेहाना मला ओरडायची. "झटका आलेला माणूस इतकी मदत करत नसतो. अंग सोडा." मी अंग सोडायचो. मुलगी दारातून म्हणायची, "अब्बा, यू आर टू हेवी." मग भरवणं. मी ताठ बसायचो, हनुवटी थोडी खाली, आणि बाई चमच्याने दही माझ्या डाव्या गालात ठेवायच्या. एकदा मी गिळलं तरी त्या चमचा तसाच धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्या वेळी त्यांना समोर मी दिसत नव्हतो, हे मला कळलं. मी हललो नाही.

बनेद अल-गार भागातला आपला फ्लॅट बाईंनी रिकामा केला. पुस्तकं क्लासला दिली, पंखा आम्हाला. विमानतळावर मी आणि रेहाना सोडायला गेलो. तोच इजिप्शियन ड्रायव्हर आपली गाडी घेऊन आला होता, कुणी न सांगता. बॅग उतरवून तो निरोप देत म्हणाला, "मा सलामा, आयर्लंडिया." बाई त्याच्याकडे बघत त्याचा हात धरून उभ्या राहिल्या. आत जाताना मागे वळून त्यांनी रेहानाला विचारलं, "घास कुठल्या बाजूला?" रेहानाने आपल्या डाव्या गालाला हात लावून दाखवला.

त्यानंतर काही आठवडे त्यांचा काहीच पत्ता नव्हता. मग एकदा शुक्रवारी दुपारी मीच फोन लावला. त्यांनी उचलला. आवाज दमलेला होता, पण बरा.

मी विचारलं, "भाऊ कसा आहे?"

"पहिले दिवस भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी चमचा घेऊन भिंतीच्या बाजूला जाऊन बसायची. आता खातो."

"बोलतो का?"

"बोलतो. एकच शब्द परत आलाय. डॉक्टर म्हणतात, असं होतं, बाकी सगळी भाषा जाते आणि एखादा शब्द तेवढा राहतो." त्या थोडं थांबल्या. "शिवी आहे. फार घाणेरडी. चहा हवा असला तरी तीच, पाद्री भेटायला आला तरी तीच. शेजारीण काठी टेकत येते, तिलाही तीच. ती खुर्चीत बसून हसत राहते."

"आणि तुम्हाला?"

"मला दिवसभर. इतक्या वर्षांनी बोलायला लागलाय, तर मी शब्द निवडून मागायचा का?"

मी कामाचं विचारलं. सकाळी तीन-चार तास गावातल्या बेकरीत पाव विकते, म्हणाल्या. तेवढा वेळ शेजारीण भावाजवळ बसते. सगळ्या गावाच्या बातम्या बेकरीत येतात, छापायची भानगड नाही. मग त्यांनी रेहानाच्या आयर्लंडच्या कागदपत्रांचं विचारलं, मुलीच्या शाळेचं विचारलं. मी सांगत होतो, तेवढ्यात आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. "थांब हं," त्या म्हणाल्या आणि फोन टेबलावर ठेवून गेल्या.

मी कानाला फोन लावून बसलो. पावलं वाजली. खुर्ची सरकल्याचा आवाज. त्या हळू आवाजात काहीतरी समजावत होत्या. मग एका पुरुषाचा जाड, अडखळता, पण खणखणीत आवाज आला. शब्द मला कळला. इंग्रजी दैनिकात काढलेल्या वर्षांत तेवढं कानावर पडलेलं होतं. त्या त्याला काहीतरी म्हणाल्या. पुन्हा तोच शब्द, या वेळी आणखी जोरात. आणि मग बाईंचं हसू ऐकू आलं, आणि त्याच्यात मिसळलेलं दुसरं, कफाने घरघरणारं.

फोन चालू आहे हे त्या विसरल्या होत्या. रेहानाने खुणेने विचारलं, काय झालं? मी फोन तिच्या कानाला लावला. ती ऐकत उभी राहिली. नंतर तिनेच तो हळूच बंद केला.